दहाव्या भागाचं काय करायचं?

जूनमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं होतं, 'पावसाळाभर पुरेल असं काहीतरी सुचवा.' मी त्यांना रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही इंग्रजी अद्भुत कादंबरीमाला सुचवली. चौदा भाग आणि वर एक पूर्वकथा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली आणि टपालात पाच पत्रं येऊन पडली. त्यांतली चार दहाव्या भागाबद्दलची, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'बद्दलची. म्हणून या महिन्याचं जवळजवळ सगळं सदर त्यालाच देते आहे. पुढचे भाग ज्यांचे वाचायचे राहिलेत त्यांनी निर्धास्त वाचावं, मोठी गुपितं मी फोडलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते. तुमचं सदर वाचून मालिका हातात घेतली आणि चवथीच्या आत नऊ भाग संपवले. नवव्याचा शेवट वाचताना अंगावर काटा आला. रात्रीचे दोन वाजले होते, तरी मी उठून दहावा उघडला. आता दोनशे पानं झाली आणि काहीच घडत नाहीये. उलट गोष्ट मागेच गेली आहे. माझंच काही चुकतंय का? की सोडून देऊ? (डिचोली)

उत्तर : तुझं काहीही चुकत नाहीये. गोष्ट मागे गेली आहे हे तू बरोबर ओळखलंस, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. नवव्या भागाच्या शेवटी जे प्रचंड काहीतरी घडतं, त्याच दिवसाच्या आसपास दहावा भाग पुन्हा सुरू होतो, आणि सुरू होतो तो दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या माणसांपासून. पेरिन आपल्या पळवून नेलेल्या बायकोच्या मागावर आहे. मॅट एका फिरत्या तमाशेवाल्यांच्या तांड्याबरोबर चालला आहे. एलेन सिंहासनासाठी झगडते आहे, तर एग्वेन एका शहराला वेढा घालून बसली आहे. या सगळ्यांना दूर कुठेतरी अफाट शक्ती वापरली जाते आहे एवढंच जाणवतं. ते काय आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं.

लहानपणी एकदा मी तापाने फणफणले होते आणि जत्रा नदीपलीकडच्या गावात होती. सगळे गेले. मी खिडकीशी पांघरूण घेऊन पडले होते. ढोल ऐकू यायचा, मग दारूकामाचा उजेड पाण्यावर पडायचा आणि जरा वेळाने आवाज यायचा. पालखी कुठवर आली असेल याचा मी अंदाज बांधत राहिले. दहावा भाग हा असा अलीकडच्या काठावरचा आहे. एका प्रकरणापुरतं ते फार सुंदर झालं असतं. जॉर्डन यांनी त्यावर सातशेच्या आसपास पानं लिहिली, आणि ज्याच्यासाठी आपण इथवर आलो तो नायक रँड त्यात जेमतेम दिसतो. ही मांडणी जमली नाही हे पुढे त्यांनी स्वतःही मान्य केलं होतं.

आता आमच्या वेळचं सांगते, कारण तुझं दुःख आणि आमचं दुःख यांत फरक आहे. 1990 ते 1994 या पाच वर्षांत या मालिकेचे पहिले सहा भाग निघाले. मग गती मंदावत गेली. नववा आला नोव्हेंबर 2000 मध्ये आणि दहावा जानेवारी 2003 मध्ये. मधले सव्वीस महिने आम्ही मोजून काढले. माझा दादा तेव्हा मस्कतला होता. मे महिन्यात सुट्टीवर आला तो जाडजूड पुठ्ठाबांधणीची प्रत बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून घेऊन. आधी कोण वाचणार यावरून आम्ही दोघं, चाळिशीला आलेली माणसं, हट्टाला पेटलो. तो थोरला आणि पुस्तकही त्याचंच, म्हणून आधी त्याने घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी त्याने ते मिटून फ्रीजवर ठेवलं. 'दोन वर्षं वाट बघितली ती यासाठी?' एवढंच बोलला. पुस्तकात खूण म्हणून विमानाचं तिकीट होतं, ते साधारण मध्यावर. त्यानंतर त्याने ही मालिका हातात घेतली नाही.

जगभर तेव्हा असंच झालं. पुस्तक अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिलं आलं, आणि नाराजीही आधीच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त झाली. त्या रागात पुस्तकाचा दोष होताच, पण बराच राग वाट बघण्याचा होता. सव्वीस महिने थांबून दार उघडायचं आणि आत तोच दिवस चाललेला असायचा. पुढच्या भागासाठी परत 2005 च्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं.

तुला थांबायचं नाहीये. म्हणून माझा सल्ला साधा आहे. अकरावा भाग, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', आधी मिळव आणि दहाव्याच्या शेजारी ठेवून दे. तो डोळ्यांसमोर असला की दहावा वेगळा वाचला जातो. आणि सोडायचाच झाला तर सो हॅबोर या गावाच्या आधी सोडू नकोस.

ते प्रकरण माझ्या फार जवळचं आहे. पेरिनच्या सैन्याला धान्य हवंय, म्हणून तो या गावी जातो. गाव बाहेरून धड दिसतं, पण माणसं अंघोळीवाचून राहिलेली, डोळे खोल गेलेली. मेलेली माणसं फिरताना दिसतात म्हणून गाव घाबरून गेलंय. कोठारं उघडतात तर धान्यात किडे. दुसरीकडे मिळणार नाही म्हणून तेच धान्य घ्यायचं ठरतं, आणि कडाक्याच्या थंडीत वाऱ्यावर ते पाखडायला सुरुवात होते.

आमच्या घरी उकड्या तांदळाचं पिंप असे. पावसाळ्यात एखाद वर्षी पोरकिडे व्हायचेच. ऊन पडलं की आई अंगणात सूप घेऊन बसायची. तांदूळ सुपात घेतले की आधी काही दिसत नाही. दोनदा झटकलं की काळे ठिपके हलायला लागतात आणि सुपाच्या काठाकडे पळतात. आई बोटाने कड टिचकायची, पुन्हा झटकायची. तोंडाने एक शब्द नाही. टाकून द्यायचा विचार कुणाच्या मनात येत नसे, कारण तांदूळ तेवढेच होते. सो हॅबोर वाचताना मला ते अंगण दिसलं. राजे, जादू, भविष्यवाणी यांच्या दहा भागांत लढाईला निघालेल्या माणसांना खायला काय मिळतं हे इतक्या जवळून दुसरीकडे कुठे आलेलं मला आठवत नाही. त्याच्या पुढच्याच प्रकरणात पेरिन एक भयंकर गोष्ट करतो आणि एक वस्तू टाकून देतो. ती कोणती, ते तू वाच.

प्रश्न : आपण दहाव्या भागाला कमी लेखू नये अशी विनंती. मी बँकेतून निवृत्त झालो असून ही मालिका तीनदा वाचली आहे. मला हाच भाग सर्वांत आवडतो. सारखं काय घडायला हवं? त्या लोकांत जाऊन राहावंसं वाटतं. (मडगाव)

उत्तर : आपलं म्हणणं मला अर्धं मनापासून पटतं. आमच्या गावच्या देवळात चातुर्मासात महाभारत लावत. युद्धाची पर्वं चालू असली की सभामंडपात पाय ठेवायला जागा नसे. शांतिपर्व लागलं, भीष्म शरशय्येवर आणि युधिष्ठिर एकेक विचारतोय, की माणसं पांगायची. अठरा पर्वांतलं हे बारावं आणि सगळ्यांत मोठं. शेवटी सात-आठ बायका उरत, त्यांत माझी आजी. ती म्हणायची, 'आत्ता कुठे तो बोलायला लागलाय.' आपण त्या सात-आठांतले आहात आणि असे वाचक असतात म्हणूनच मोठ्या कथा टिकतात.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. शांतिपर्वात धर्मराज विचारतो ते प्रश्न युद्धातूनच आलेले आहेत, त्याला झोप लागत नाहीये. दहाव्या भागात कितीतरी पानं अशी आहेत की तिथे कुणालाच काही विचारायचं नाहीये. कपड्यांवरचं भरतकाम, चहाची चव, कोण कुणाशी फटकून वागलं. राहायला म्हणून गेलेल्याला ते गोड लागेल. नवव्याच्या शेवटावरून धावत आलेल्याला नाही लागणार, आणि त्यात त्याची घाई नडते असं मी म्हणणार नाही. लेखकानेच त्याला धावायला लावलं होतं.

प्रश्न : 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा कधी वाचावी? सुरुवातीलाच? (वास्को)

उत्तर : सुरुवातीला नको. ती जानेवारी 2004 मध्ये, दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये आली, आणि तिथेच वाचावी. लहान आहे, आणि दहाव्यानंतर तिचा वेग फार बरा वाटतो.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी शिक्षक आहे. दहावा भाग म्हणजे पैशासाठी गोष्टीत घातलेलं पाणी आहे. चार भागांची गोष्ट चौदा भागांत ताणली. अशा लेखकाची आपण शिफारस कशी करता? (पेडणे)

उत्तर : राग नाही, पण हे मला मान्य नाही. पुस्तक फसलं म्हणून माणसाची नियत खोटी ठरत नाही. इतक्या पात्रांचे धागे हातात असले की त्यांची घड्याळं जुळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन यांचंही तेच झालं. 2005 मधल्या त्यांच्या मालिकेच्या चौथ्या भागात, 'ए फीस्ट फॉर क्रोज'मध्ये, निम्मी आवडती पात्रं आलीच नाहीत. त्याच काळातली त्यांची गोष्ट वाचायला वाचकांना 2011 उजाडावं लागलं. तिथेही वाचक असेच दुभंगले.

जॉर्डन यांचं पुढे काय झालं ते तुम्ही लक्षात घ्यावं. 2005 मध्ये अकरावा भाग आला आणि ज्यांनी टिकून वाचला त्यांना जुना जॉर्डन परत भेटला. दहाव्यातले कितीतरी गुंते तिथे सुटतात. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या आजाराची बातमी वाचकांना दिली. हृदयाला ग्रासणारा दुर्मीळ आजार. मरण समोर दिसत असताना ते घरच्यांना शेवट सांगत राहिले, टिपणं करत राहिले. 16 सप्टेंबर 2007 रोजी ते गेले. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, आणि ज्याचा एकच शेवटचा भाग व्हायचा होता त्याचे 2009, 2010 आणि 2013 मध्ये तीन भाग होऊन कथा संपली. पैशासाठी पाणी घालणारा लेखक असं जाताना शेवट सांगत बसत नाही.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून एक आठवण करून देते. आपण मराठीत ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आला. ती बाणाच्या हातून पुरी झालीच नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलाने ती पुरी केली. दोघांच्या लिखाणात फरक जाणवतो असं जाणकार सांगतात, तरी हजार वर्षांवर आपण तिला एकच ग्रंथ म्हणून वाचत आलो. चुका दाखवा, जरूर दाखवा, मीही वर दाखवल्या आहेत. पण दहाव्या भागावरून माणूस निकालात काढू नका. अकरावा वाचा, तो त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण केलेला या मालिकेतला शेवटचा भाग आहे.

प्रश्न : दहाव्याचा सारांश वाचून थेट अकरावा घेतला तर चालेल का? नोकरी आणि घर सांभाळून वाचते, वेळ कमी पडतो. (काणकोण)

उत्तर : चालेल. फक्त सगळंच वगळू नका. एलेनची प्रकरणं भरभर उलटलीत तरी काही अडणार नाही. मॅटची वाचा, त्याच्यात आणि बरोबरच्या त्या मुलीत जे चाललंय ते मजेचं आहे. एग्वेनच्या कथेचा या भागातला शेवट वाचलाच पाहिजे, नाहीतर अकराव्यात चुकल्यासारखं होईल. आणि सो हॅबोर, ते वर लिहिलं आहेच.

दादा आता कायमचा गोव्यात आला आहे. या चवथीला मी त्याला अकरावा भाग दिला, दहाव्याची ती जुनी प्रतही बरोबर दिली, तिकिटासकट. गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरवली त्या दिवशी बघितलं तर दोन्ही पुस्तकं त्याच्या टेबलावर होती. अकरावा अजून कोरा होता. जुन्या प्रतीतलं तिकीट मात्र वीस-पंचवीस पानं पुढे सरकलेलं होतं.