वाचकांचे प्रश्न: ग्राफमधले सगळे आकडे लिहायचे का?

या वेळी आलेल्या प्रश्नांमधे आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंग टास्क 1 बद्दलचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणजे लाइन ग्राफ, बार चार्ट, पाय चार्ट बघून त्याचं इंग्रजीत वर्णन करायचं तो भाग. हा टास्क ॲकॅडमिक परीक्षेत असतो, जनरल ट्रेनिंगवाल्यांना याच्या जागी पत्र लिहायचं असतं, त्यामुळे त्यांनी यातला प्रेपोझिशनचा भाग वाचला तरी चालेल, तो कुठेही उपयोगी पडतो.

प्रश्न: मॅडम, माझा रायटिंगचा स्कोअर 6 च्या पुढे जातच नाहीये. टास्क 1 ला मी ग्राफमधला एकही आकडा सोडत नाही, वाढणे आणि कमी होणे यासाठी भरपूर शब्द पाठ केलेत, ते सगळे वापरते, तरी मार्क कमीच येतात. नक्की चुकतंय कुठे?

उत्तर: एकही आकडा सोडत नाही, तिथेच चुकतंय. प्रश्नपत्रिकेत ग्राफच्या वर जी सूचना असते ती बहुतेक जण वाचतच नाहीत कारण ती दर वेळी तीच असते, पण तिच्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की मुख्य गोष्टी निवडून सांगा आणि गरज असेल तिथे तुलना करा. निवडून. म्हणजे काय सोडलं यालाही मार्क आहेत. परीक्षक ज्या निकषांवर बँड, म्हणजे गुणांची पातळी, देतात ते जाहीर आहेत, त्यात टास्क अचीव्हमेंट या निकषाखाली बँड 5 ला साधारण असं वर्णन आहे की उमेदवार तपशील यांत्रिकपणे सांगत जातो आणि ओव्हरव्ह्यू, म्हणजे थोडक्यात एकूण चित्र, स्पष्ट नसतो, आणि बँड 7 ला मुख्य ट्रेंड्सचा स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो. या दोघांमधला फरक शब्दसंपत्तीचा नाहीच, ग्राफ वाचण्याचा आहे.

एक उदाहरण घेऊया. हे आकडे मी सरावासाठी बनवलेत, खरे नाहीत. समजा लाइन ग्राफ आहे, 2000 ते 2020, मोठी माणसं बातम्या कुठून मिळवतात त्याची टक्केवारी. पेपर 60 वरून 20 वर आलाय, टीव्ही 70 वर होता, मधे 75 ला गेला आणि शेवटी 65, इंटरनेट 10 पासून सुरू होऊन 70. दर पाच वर्षांचा आकडा दिलाय, म्हणजे तीन रेषांचे मिळून पंधरा आकडे. आता बहुतेक उत्तरं अशी असतात: 2000 मधे पेपर 60 टक्के होता, 2005 मधे तो 50 टक्के होता, 2010 मधे 40 टक्के होता, मग टीव्हीसाठी परत तेच, मग इंटरनेटसाठी परत तेच. दीडशे शब्द भरतात, व्याकरणही चुकत नाही, पण वाचणाऱ्याला शेवटी काय कळलं? काहीच नाही, त्याला ते आकडे ग्राफमधे दिसतच होते.

पेन उचलायच्या आधी ग्राफकडे बघून स्वतःला मराठीत विचारा की हा ग्राफ मी फोनवर कोणाला सांगितला असता तर काय म्हटलं असतं. तुम्ही म्हणाल, अगं पेपर वाचणं खूपच कमी झालं, इंटरनेट जोरात वाढलं आणि शेवटी एक नंबरला आलं, टीव्ही मात्र जवळपास होता तिथेच राहिला. झाला ओव्हरव्ह्यू! हाच इंग्रजीत दोन वाक्यांत लिहायचा, 'ओव्हरऑल' ने सुरुवात करायची आणि त्यात एकही आकडा घालायचा नाही, आकडे पुढच्या परिच्छेदांत येणारच आहेत. इंट्रोडक्शननंतर लगेच लिहिलात तर उत्तम, कारण शेवटासाठी ठेवला आणि वेळ संपला तर सगळ्यात महत्त्वाचा भागच राहून जातो.

मग पुढच्या दोन परिच्छेदांत आकडे, पण निवडक. प्रत्येक रेषेची सुरुवात आणि शेवट घ्या, सगळ्यात वरचा किंवा खालचा बिंदू घ्या, आणि जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा तर सोडूच नका कारण तुलना तिथेच असते. आपल्या उदाहरणात इंटरनेटने पेपरला मागे टाकलं ते साल आणि टीव्हीला मागे टाकलं ते साल, या दोन गोष्टी लिहिल्या की परीक्षकाला लगेच दिसतं की या मुलीने ग्राफ समजून घेतलाय. पेपरचे मधले आकडे खुशाल सोडा, 'ड्रॉप्ड स्टेडिली फ्रॉम 60 परसेंट टू जस्ट 20 परसेंट' एवढ्यात त्या पाचही आकड्यांचं काम होतं. आणि परिच्छेद पाडताना प्रत्येक रेषेला एक परिच्छेद असं करू नका, सारखं वागणाऱ्या रेषा एकत्र घ्या किंवा उलट वागणाऱ्या समोरासमोर ठेवा, इथे पेपर आणि इंटरनेट एका परिच्छेदात शोभतात आणि टीव्ही वेगळा.

प्रश्न: 'टू', 'बाय', 'ऑफ', 'इन', 'ॲट' यात माझा कायम गोंधळ होतो. 'इन्क्रीज्ड टू 10' आणि 'इन्क्रीज्ड बाय 10' मला सारखंच वाटतं. काही सोपी पद्धत आहे का?

उत्तर: आहे, आणि ती तुमच्या मराठीतच आहे, मला फार वाटतं की ही गोष्ट क्लासमधे सांगायला हवी. आपण काय म्हणतो? किंमत 20 वरून 30 वर गेली. किंमत 10 ने वाढली. किंमतीत 10 ची वाढ झाली. आता बघा, 'वरून' म्हणजे 'फ्रॉम', 'वर' म्हणजे 'टू', 'ने' म्हणजे 'बाय', 'ची' म्हणजे 'ऑफ', आणि किंमतीत मधला जो 'त' आहे तो 'इन'. म्हणून 'रोझ फ्रॉम 20 टू 30', 'रोझ बाय 10', 'अ राइज ऑफ 10', 'अ राइज इन द प्राइस'. मराठीत 10 ने वाढली आणि 10 वर गेली यात तुमचा कधीच गोंधळ होत नाही, मग इंग्रजीत लिहिताना आधी मनात मराठी वाक्य म्हणा आणि प्रत्यय बघून प्रेपोझिशन लावा.

फक्त लक्षात ठेवा, 'बाय' क्रियापदानंतर येतो आणि 'ऑफ' नामानंतर. 'इन्क्रीज' दोन्ही आहे म्हणून तिथे जास्त चुका होतात. 'देअर वॉज ॲन इन्क्रीज ऑफ 10', पण 'इट इन्क्रीज्ड बाय 10'.

'ॲट' साठी मात्र मराठी प्रत्यय फसवतो, कारण किंमत 75 वर होती यातही 'वर' च आहे. इथे हालचाल आहे का ते बघा. 75 वर गेली तर 'टू', 75 वर होती किंवा थांबली तर 'ॲट': 'स्टूड ॲट 75', 'पीक्ड ॲट 75', 'लेव्हल्ड ऑफ ॲट 75', 'रिमेन्ड स्टेबल ॲट 75'. नामरूप केलंत तर परत 'ऑफ' येतो, 'रीच्ड अ पीक ऑफ 75'.

अजून एक चूक सतत दिसते. 'इंटरनेट इन्क्रीज्ड' किंवा 'द ग्राफ इन्क्रीज्ड' असं लिहितात. ग्राफ वाढत नाही आणि इंटरनेटही नाही, इंटरनेट वापरणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. वाक्याचा कर्ता काय आहे हे y अक्षावर काय लिहिलंय त्यावरून ठरवा, तिथे 'पर्सेंटेज ऑफ अडल्ट्स' असेल तर वाढलं ते पर्सेंटेज, तिथे संख्या असेल तर वाढला तो नंबर. एकदा पूर्ण लिहिलं की पुढच्या वाक्यांत 'द फिगर फॉर द इंटरनेट' म्हटलं तरी पुरतं आणि तेच तेच लांबलचक लिहावं लागत नाही.

प्रश्न: 'प्लमेटेड', 'सोअर्ड', 'स्कायरॉकेटेड' असे शब्द वापरले की बँड वाढतो असं ऐकलंय. खरं आहे का?

उत्तर: शब्द ग्राफला शोभला तरच. 52 वरून 49 वर आलेल्या रेषेला 'प्लमेटेड', म्हणजे धाडकन कोसळली, असं लिहिलं तर परीक्षकाला दिसतं की शब्द माहितीये पण अर्थ माहीत नाही, आणि लेक्सिकल रिसोर्स या शब्दांच्या वापराच्या निकषात नेमकेपणाच बघतात. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, बदल किती मोठा आहे आणि किती वेगाने झालाय. 'स्लाइटली', 'कन्सिडरेबली', 'सब्स्टॅन्शियली' हे आकारासाठी, 'ग्रॅज्युअली', 'स्टेडिली', 'रॅपिडली' हे वेगासाठी. वीस वर्षांत सावकाश झालेला बदलसुद्धा मोठा असू शकतो, आपला पेपर तसाच तर खाली आलाय, आणि तिथे 'कन्सिडरेबली' बरोबर पण 'रॅपिडली' चूक. 'फ्लक्चुएटेड' फक्त तेव्हाच जेव्हा रेषा खरंच वर खाली वर खाली होते, एकदाच वर जाऊन खाली आली तर ते फ्लक्चुएशन नव्हे.

रेषा किती उभी दिसते त्यावर मात्र जाऊ नका, आधी अक्ष बघा. y अक्ष शून्यापासून सुरू न होता 48 पासून 54 पर्यंतच असेल तर तीनचा फरकही कड्यासारखा दिसतो. पंचवीस शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा सहासात क्रियापदं त्यांच्या तिन्ही रूपांसकट पक्की करा, 'राइज, रोझ, रिझन' हे चुकवणारे खूप आहेत आणि 'राइज' च्या जागी 'रेझ' लिहिणारे तर त्याहून जास्त. 'राइज' म्हणजे आपोआप वाढणं, 'रेझ' ला कोणीतरी वाढवणारा लागतो, ग्राफमधे बहुतेक वेळा 'राइज' च हवं असतं.

प्रश्न: 10 टक्क्यांवरून 15 टक्के झालं तर 5 टक्क्यांनी वाढलं असं लिहायचं ना?

उत्तर: नाही! ही चूक छापील बातम्यांमधेही असते म्हणून नीट सांगते. 10 वरून 15 झाले म्हणजे 5 पर्सेंटेज पॉइंट्सनी वाढ. टक्क्यांत सांगायचं तर ती 50 टक्के वाढ आहे, कारण 10 चा निम्मा 5. आपल्या पेपरचं 60 वरून 20 म्हणजे 40 पर्सेंटेज पॉइंट्सची घट, पण वाचणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या एक तृतीयांशच उरलं. हिशोबाची खात्री नसेल तर 'फ्रॉम' आणि 'टू' वापरून दोन्ही आकडे द्या, चुकायचा प्रश्नच येत नाही.

याच्याच शेजारचा सापळा म्हणजे दोन वेगवेगळ्या सालांचे पाय चार्ट. एखादा वाटा 40 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आला की लोक सरळ लिहितात संख्या कमी झाली. समजा पहिल्या साली एकूण 1000 होते तर 40 टक्के म्हणजे 400, दुसऱ्या साली एकूण 2000 असतील तर 30 टक्के म्हणजे 600. वाटा घटला आणि संख्या वाढली! एकूण संख्या दिली नसेल तर संख्येबद्दल काही बोलूच नका, 'प्रपोर्शन' किंवा 'शेअर' एवढंच म्हणा.

प्रश्न: काळ कुठला वापरायचा? आणि बदल का झाला हे लिहिलं तर चालतं का?

उत्तर: साल बघा. संपलेला काळ असेल तर साधा भूतकाळ, 'रोझ', 'ड्रॉप्ड'. 'बाय 2010' अशी सुरुवात केली तर 'हॅड रिझन' छान बसतं, म्हणजे तोपर्यंत वाढून झालं होतं. ग्राफमधे पुढची सालं असतील तर नुसतं 'विल राइज' नको, तो अंदाज आहे म्हणून 'इज प्रोजेक्टेड टू राइज' किंवा 'इज एक्स्पेक्टेड टू राइज'. काळच दिलेला नसेल तर साधा वर्तमानकाळ.

कारणं अजिबात नाहीत. स्मार्टफोन आले म्हणून पेपर कमी झाला हे तुम्हाला पटत असेल, खरंही असेल, पण ते ग्राफमधे नाहीये. मतं आणि कारणं टास्क 2 साठी, म्हणजे निबंधासाठी, राखून ठेवा, तिथे त्यांची गरज आहे आणि त्या टास्कला वजनही दुप्पट आहे. दोन्ही मिळून 60 मिनिटं असतात, त्यातली 20 च इथे घाला, आणि त्या 20 मधली पहिली तीनचार मिनिटं नुसती ग्राफ बघण्यात गेली तरी घाबरू नका. किमान 150 शब्द हवेत, 170-180 झाले की थांबा. सूचनेतलं वाक्य जसंच्या तसं उतरवून शब्द भरू नका, उतरवलेल्या भागाचं श्रेय मिळत नाही.

प्रश्न: माझ्या सराव परीक्षेत बार चार्ट एकाच वर्षाचा होता, सहा देशांचा. मी 'इन्क्रीज्ड', 'डिक्रीज्ड' लिहिलं आणि सरांनी सगळं खोडलं. मग ट्रेंड आणायचा कुठून?

उत्तर: आणायचाच नाही, सरांनी बरोबर खोडलं. पहिल्या देशाचा बार उंच आणि दुसऱ्याचा बुटका म्हणजे काही कमी झालं नाही, ते दोन वेगळे देश आहेत. काळ पुढे सरकत नसेल तर वाढ नाही आणि घट नाही, फक्त तुलना. अशा वेळी आधी मनात बार मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून घ्या, मग गट पडतात का बघा, दोन खूप वर, तीन मधे, एक एकदम खाली असं काहीतरी निघतंच, आणि तोच तुमचा ओव्हरव्ह्यू. वाक्यं 'ट्वाइस ॲज मेनी ॲज', 'स्लाइटली हायर दॅन', 'द हायेस्ट फिगर', 'बाय कॉन्ट्रास्ट' अशी. 'मेनी' की 'मच' ते मोजता येतं की नाही त्यावर ठरवा, माणसं असतील तर 'मेनी', पाणी किंवा वीज असेल तर 'मच', आणि त्याच नियमाने 'नंबर' आणि 'अमाउंट'. बार दोन रेघांच्या मधे संपत असेल तर अचूक आकडा ओढूनताणून काढू नका, 'जस्ट अंडर 40' किंवा 'अराउंड 35' लिहिलं की पुरे. तोच चार्ट परत काढा, खोडलेलं एकही क्रियापद न वापरता नव्याने लिहा आणि सरांना दाखवा.