साखर केव्हा घालावी? तांदळाच्या खिरीविषयी वाचकांचे प्रश्न

भाद्रपदाच्या तोंडावर आलेल्या पत्रांत यंदा तांदळाच्या खिरीविषयीचे प्रश्न अधिक आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे खाणे ज्वारीचे आणि सणावाराला मान खपली गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा. त्यामुळे तांदळाची खीर अनेक घरांत पितृपक्षातच होते, आणि वर्षातून एखाद्या वेळी केलेला पदार्थ हाताला बसत नाही, यात नवल नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : सासूबाई तांदळाची कणी तुपावर परतून खीर करतात. मी मात्र बासमतीचा अख्खा दाणा घेतला, साखर सुरुवातीलाच दुधात विरघळवली आणि तासभर आटवले. तरीही शितं तळाशी आणि वर पातळ दूध, अशी खीर झाली. तांदूळ चुकला की मी चुकले? (एक वाचक, जुळे सोलापूर)

आपला क्रम चुकला, आणि थोडा तांदूळही. साखर पाणी धरून ठेवते. दूध गोड झाले की तांदळाला फुगण्यासाठी लागणारे पाणी सहज मिळत नाही, दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो आणि त्यातला पिठूळ अंश दुधात उतरत नाही. खिरीला दाटपणा येतो तो मुख्यतः त्याच अंशामुळे. म्हणून तांदूळ पूर्ण शिजेपर्यंत साखरेचा डबा उघडूच नये. शिजला की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. एक शीत चमच्यावर काढून, फुंकर घालून, अंगठा आणि तर्जनीमध्ये चिरडून पाहा. मध्ये पांढरा ठिपका उरला असेल तर दाणा आतून अजून कच्चा आहे. शीत सरळ लोण्यासारखे पसरले तरच साखर घालावी. साखर पडताच खीर थोडी सैल होते, तेव्हा घाबरून आणखी तांदूळ घालू नये. पाच-सात मिनिटांत ती पुन्हा मिळून येते.

आता तांदळाविषयी. जुना बासमती मोकळ्या भातासाठी घेतला जातो; दाणा सुटा राहणे हा त्याचा गुण खिरीत अवगुण ठरतो. त्यापेक्षा मुळशी-मावळकडचा आंबेमोहोर किंवा चिकटपणा धरणारा कोणताही साधा तांदूळ घ्यावा. सासूबाईंची कणी तर उत्तमच. दाणा मोडलेला असल्याने ती लवकर शिजते आणि दुधात लवकर मिसळते. शिवाय किराणा दुकानात ती अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते, हा हिशेबही जुन्या बायकांना ठाऊक होता. कणी मिळाली नाही तर तांदूळ धुऊन, कापडावर सुकवून, मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन भरड करावी.

१ लिटर म्हशीच्या दुधाला ५० ग्रॅम तांदूळ आणि सुमारे १०० ग्रॅम साखर, हे माझे प्रमाण. तांदूळ अर्धा तास भिजवून, निथळून, चमचाभर तुपावर खमंग वास येईपर्यंत परतावा, पण त्याला रंग येऊ देऊ नये. मग उकळत्या दुधात घालून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे ठेवावा. हाच तांदूळ भिजवून बारीक वाटला आणि गार दुधात कालवून शिजवला की फिरनी होते. रमजानच्या दिवसांत ती मातीच्या वाट्यांत थापून मिळते. कोरी माती थोडे पाणी शोषून घेते, त्यामुळे फिरनी अधिक घट्ट बसते. फिरनी १५ मिनिटांत होते खरी, पण त्या १५ मिनिटांत हात एकदाही थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

प्रश्न : शेजारच्या तेलुगू घरातून गुळाचे परमान्नम येते. दूध, गूळ, तांदूळ सारे त्यातही आहे, मग माझ्याच पातेल्यात दूध का फाटते? (एक वाचक, अशोक चौक)

पूर्वभागात राहणाऱ्यांना हा मेवा आयता मिळतो, याचा मला थोडा हेवाच वाटतो. विणकरी पेशामुळे सोलापुरात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांनी ही खीर आपल्याबरोबर आणली. आपल्या कानडी घरांत होणारा अक्की पायसा तिचा जवळचा नातलग. आणि दूर जायचे तर ‘क्षीर’ या शब्दापासून आपली खीर आणि ‘पयस्’पासून पायस, पायसम, दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ दूधच.

दूध फाटते ते गुळातल्या आंबटपणामुळे. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो, आणि ओल धरलेला, पाझरणारा जुना गूळ आंबूस होत जातो. गार दूध एवढा आंबटपणा सोसते. उकळते दूध सोसत नाही, त्यातले प्रथिन लगेच गोळा होते. म्हणून शेजारच्या घरी काय करतात ते नीट पाहा. तांदूळ दूध-पाण्यात, कधी मूठभर मुगाची डाळ घालून, गरगटा होईपर्यंत शिजवतात आणि पातेले खाली उतरवतात. गूळ वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरघळवून, एक उकळी काढून, गाळून घेतात. ऊसाचे चिपाड आणि खडे गाळणीत राहतात, हा वरचा लाभ. पाक आणि खीर दोन्ही कोमट झाल्यावर, म्हणजे पातेल्याला बाहेरून हात टेकवून ठेवता येईल इतके निवल्यावर, एकत्र करतात. त्यानंतर ते पातेले पुन्हा उकळायचे नाही. शेवटी तुपात तळलेले काजू आणि बेदाणे. काही घरी खाण्याचा कापूर राईएवढा घालतात. तो वेगळा मिळतो, देव्हाऱ्यातला पूजेचा कापूर मात्र चुकूनही घालू नये.

एवढे करूनही दूध फाटले तर दोष गुळाचा नसून दुधाचा असू शकतो. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळचे दूध दुपारपर्यंत नासण्याच्या बेतात येते, आणि ते तापवेपर्यंत कळतही नाही. मी अशा दिवसांत सगळे दूध पातेल्यात ओतण्याआधी दोन चमचे दूध पळीत घेऊन आचेवर धरते. पळीत कण दिसले तर त्या दूधाचे पनीर करावे. खिरीचा बेत दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : पितृपक्षात २५ माणसांचा स्वयंपाक आहे. मोठ्या पातेल्यात खीर नेहमी बुडाला लागते, आणि पंगत बसेपर्यंत तिचा भात होतो. (एक वाचक, साखर पेठ)

२५ पानांना ४ लिटर दूध आणि २०० ग्रॅम तांदूळ पुरे. नैवेद्याच्या पानात खीर पोटभर नसते. जाड बुडाचे पातेले घ्यावे, त्यात आधी भांडेभर पाणी फिरवून ओतून द्यावे आणि ओल्या पातेल्यातच दूध घालावे. पाण्याच्या त्या पातळ थरामुळे दूध तळाला लगेच चिकटत नाही. मुख्य काळजी तांदूळ घातल्यानंतरच्या पहिल्या १० मिनिटांची, कारण दाणे जड असल्याने तळाशी बसतात. तेवढा वेळ सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहावा, गोल डावाने कडा तेवढ्या ढवळल्या जातात. लागलेच, तर खरवडू नये. वरची खीर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावी आणि करपलेला थर तसाच सोडून द्यावा. एकदा मी काटकसर म्हणून तो थर खरवडून ढवळला होता. वेलदोडे, जायफळ, केशर सारे घालूनही पाहुण्यांपासून धुराचा वास लपवता आला नाही, आणि सासऱ्यांनी फक्त “पाणी दे” एवढेच म्हटले.

खिरीचा भात होणे मात्र स्वाभाविक आहे. तांदूळ आच बंद झाल्यावरही दूध पीत राहतो आणि निवताना खीर घट्ट होत जाते. म्हणून खीर उतरवायची ती पातळ वाटत असतानाच. पळी बुडवून तिच्या पाठीवर बोट फिरवावे; रेघ उमटून हळूहळू भरून आली तर ती तासाभराने पळीवाढी होईल, आणि रेघ तशीच राहिली तर आधीच दाट झाली आहे. त्याशिवाय अर्धा लिटर गरम दूध बाजूला ठेवावे आणि वाढण्याआधी लागेल तेवढे मिसळावे. गार दूध किंवा पाणी घालू नये, खीर चोथापाणी होते.

प्रश्न : उरलेल्या भाताची खीर करावी का? आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेले चालते का? (एक वाचक, होटगी रोड)

भात शिजल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला आणि एका दिवसाच्या आतला असेल तर करावी. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात घेऊ नये. काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. चांगला भात असला तरी तो मोकळा शिजवलेला असतो, म्हणून दूध घालण्यापूर्वी हाताने कुस्करून घ्यावा. मीठ घातलेला भात अर्थातच बाद.

कंडेन्स्ड मिल्क घालण्यास माझी हरकत नाही, पण त्यात साखर भरपूर असते हे लक्षात ठेवून तेही तांदूळ मऊ शिजल्यावरच घालावे, आणि वेगळी साखर चव पाहून मगच.