मेडिकलमधले 500 तास

नमस्कार,

तुमची मुलगी डी. फार्म.ची परीक्षा देऊन म्हापशाच्या एका मेडिकलमध्ये ट्रेनिंग घेते आहे. महिनाभर ती कपाटेच लावते. चुकले की गिऱ्हाइकासमोर ओरडा बसतो, एरवी कोणी काही सांगत नाही. ‘जागा बदलावी का?’ असे तुम्ही पेडण्याहून विचारले आहे.

लगेच बदलू नका. आधी तिला आपल्या लॉगबुकातले तास मोजायला सांगा. नियमाप्रमाणे निदान तीन महिन्यांत 500 तास भरावे लागतात आणि त्यातले किमान 250 डॉक्टरच्या चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषधे देण्यात जायला हवेत. हा हिशेब घेऊन तिने स्वतः फार्मासिस्टशी बोलावे. तुम्ही फोन करू नका.

‘माझे काम कसे आहे?’ असे विचारले, तर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा म्हणावे, ‘सर, दुपारी गर्दी कमी असते तेव्हा दहा चिठ्ठ्यांची औषधे मी काढते. गिऱ्हाइकाला देण्याआधी तुम्ही बघा.’ मग चूक काउंटरच्या आतच सापडते. ती कशामुळे झाली, तेही त्याच दिवशी वहीत लिहावे: अक्षर लागले नाही, 250 ऐवजी 500 मिलिग्रॅमची स्ट्रिप आली, की नावाने फसवले? मेटफॉर्मिन मधुमेहाचे, मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचे. घाईत हात चुकतो. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतले तर जिवावर बेतते. हे पेशंटला त्याला कळेल अशा कोकणीत किंवा मराठीत सांगायचे आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचे, हेही सरांसमोर करून पाहावे. शेड्यूल एच-वन म्हणजे काही अँटिबायोटिक, सवय लावणारी अशी कडक नियमांची औषधे; त्यांचे रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. ती नोंद कशी करतात, तेही विचारावे.

कपाटे लावणे वाया गेले असे मात्र समजू नका. एक्स्पायरी जवळ आलेला माल पुढे ठेवता ठेवता औषधे ओळखीची होतात. पण त्याला महिना पुरे.

चारचौघांत ओरडणे मला अजिबात पटत नाही. चुकीची स्ट्रिप गिऱ्हाइकाच्या हातात जात असेल तर तिथल्या तिथे थांबवलेच पाहिजे, तेवढे तिने मनाला लावून घेऊ नये. बाकीचे आत बोलावून सांगा, अशी विनंती तिने जरूर करावी.

पंधरा दिवसांत काहीच बदलले नाही, तर कॉलेजमधल्या ट्रेनिंग बघणाऱ्या सरांना भेटून दुसरी जागा मागा. आणि न केलेल्या तासांवर कोणी सही द्यायला तयार झाले, तरी ती घेऊ देऊ नका.