उभ्या विमानाचा पंखा बांधून का ठेवतात?

प्रश्न : मागच्या वर्षी सासऱ्यांना एअर अॅम्ब्युलन्सने कऱ्हाडहून मुंबईला न्यावं लागलं. किंग एअर बी-200 नावाचं दोन पंख्यांचं विमान होतं. उभं असताना त्याचे पंखे लाल पट्ट्यांनी बांधलेले होते. पंख्यांना ब्रेक नसतो का? खरं सांगते, जेटऐवजी पंखे बघून धाकधूक झाली. वर एक इंजिन बंद पडलं तर?
– एक वाचक भगिनी, कऱ्हाड

उत्तर : ताई, सासरे आता बरे असतील अशी आशा करतो. सांताक्रूझच्या हँगरमध्ये पंचवीसहून जास्त वर्षं मी याच विमानांची देखभाल केली. तुम्ही नेमकं पट्ट्याकडे पाहिलंत याचा मला फार आनंद झाला, कारण हे इंजिन समजून घ्यायचं तर पट्ट्यापासूनच सुरुवात करावी.

ब्रेक नसतो. इंजिन बंद असताना पातं एका बोटाने ढकललं तरी पंखा अलगद फिरतो. हे कॅनडात घडवलेलं पीटी-6 इंजिन. त्यात टर्बाइनचे, म्हणजे तापलेल्या वायूच्या जोराने फिरणाऱ्या चक्रांचे, दोन वेगळे भाग असतात. एक भाग हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवतो, दुसरा पंखा फिरवतो, आणि दोघांना जोडणारा दांडाच नाही. मधे असतो तो फक्त तापलेला वायू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसंच हे. पंख्याकडचं टर्बाइन मिनिटाला 30,000 फेरे घेतं. गिअर ते 2,000 वर आणतात.

आता अडचण अशी, की तेलाचा पंप कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे. विमान उभं असताना वाऱ्याने पंखा फिरत राहिला, तर गिअर आणि बेअरिंग तेलाशिवाय फिरतात आणि झिजतात. म्हणून पट्टा.

उमेदवारीत असताना एकदा तो पट्टा काढायचा माझ्याकडून राहिला. मी अग्निशामक नळकांडं घेऊन समोर उभा होतो. डावं इंजिन पेटलं, आवाज चढला आणि पंखा जागच्या जागी! पट्टा तारेसारखा ताणलेला. मी हात वर करून मनगटांची फुली केली, वैमानिकाने इंधन तोडलं. पुढचे दोन दिवस ते इंजिन तपासण्यात गेले. तेव्हापासून पट्टा काढला की घडी करून वैमानिकाला काचेतून दाखवायचा आणि मगच बाजूला व्हायचं, हा नेम मी शेवटपर्यंत पाळला.

आता तुमची धाकधूक. इंजिन बंद पडलं की खरा धोका शक्ती कमी होण्यापेक्षा बंद पंख्याचा असतो. सपाट पाती वाऱ्याला भिंतीसारखी अडवतात आणि विमान त्या अंगाला ओढलं जातं. यावरचा उपाय मला फार आवडतो. पात्यांना कामाच्या कोनात धरून ठेवतो तो तेलाचा दाब. दाब गेला की स्प्रिंग आणि वजनं पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडे करतात. याला आम्ही ‘फेदर’ म्हणतो. म्हणजे बिघाड झाला तर पंखा आपोआप सुरक्षित बाजूलाच जातो. उड्डाणाच्या वेळी जोर एकदम घटला, तर ऑटोफेदर यंत्रणा तेल सोडून देऊन हे काम आणखी लवकर करते. दोन इंजिनांच्या दाबातला फरक ओळखून रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबायला वैमानिकाच्या पायाला मदत करणारी यंत्रणाही आहे. उरलेलं 850 अश्वशक्तीचं इंजिन त्याला जवळच्या धावपट्टीपर्यंत नेतं. अर्थात त्यासाठी वैमानिकाचा सराव पक्का हवा, तिथे कसलीही सूट नाही.

प्रश्न : जेट इतकी वेगवान असताना कंपन्या आणि सरकारं पंख्यांची विमानं का ठेवतात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचंच गाव घेऊ. मुंबई–नागपूर हवाई अंतर 700 किलोमीटरच्या आसपास. बी-200 ताशी सुमारे 535 किलोमीटर जातं, छोटं जेट 750. फरक वीसेक मिनिटांचा. रोज दिल्लीला जायचं असेल तर जेट घ्यावं, मी वाद घालणार नाही. पण जिल्ह्याच्या आखूड धावपट्टीवर उतरायचं असेल तर पंखाच बरा. जमिनीला टेकल्यावर पाती उलटी वळवली की तोच पंखा विमानाला मागे रेटतो. शिवाय इंजिनात हवा मागच्या बाजूने शिरते आणि धूर पुढे, पंख्याजवळच्या नळ्यांतून बाहेर पडतो. आत येताना हवेला एकदम वळावं लागतं. त्या वाटेत एक पडदी खाली सोडता येते. मग जड खडे आणि बर्फाचे कण वळू शकत नाहीत, ते सरळ बाहेर जातात.

पात्यांना मात्र खडे लागतातच. तशा धावपट्टीवरून विमान परत आलं की मी पहिल्यांदा पात्याच्या कडेवरून बोट फिरवायचो. तांदळाच्या कणीएवढा खळगासुद्धा बोटाला कळतो. तो बारीक कानशीने घासून गुळगुळीत करायचा, कारण तडा तिथूनच सुरू होतो.