अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 2010 साली 13-12 (13 विजय, 12 पराभव) असा रेकॉर्ड असलेल्या सियाटल मरिनर्सच्या फेलिक्स हर्नांडेझला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार कसा मिळाला? 21 सामने जिंकणाऱ्या न्यूयॉर्क यांकीजच्या सबाथियावर हा अन्याय नाही का?

नाही, अन्याय अजिबात नाही. मी त्या वर्षी सियाटलजवळ राहत होतो आणि मरिनर्सचे सामने नेमाने बघायचो, त्यामुळे फेलिक्सबद्दल मला जिव्हाळा आहे, हे आधीच सांगतो. पण तो बाजूला ठेवून नुसते आकडे मांडले तरी उत्तर बदलत नाही.

सगळा घोळ होतो तो ‘विन’ या आकड्यामुळे. सुरुवात करणाऱ्या पिचरच्या नावावर विन लागायला त्याने सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) निदान पाच टाकाव्या लागतात, तो बाहेर जाताना संघ आघाडीवर असावा लागतो आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी लागते. यातलं त्याच्या हातात किती? मेजर लीगच्या दोन भागांपैकी (अमेरिकन आणि नॅशनल) फेलिक्स खेळायचा त्या अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त बॅटिंगसाठी ठेवलेला खेळाडू, बॅटिंग करतो. म्हणजे एखाददुसरा सामना सोडला तर फेलिक्सला स्वतः बॅट घेऊन एक रनसुद्धा काढायची सोय नव्हती. आपल्या क्रिकेटमध्ये बॉलरच्या नावापुढे ‘जिंकलेले सामने’ असा रकाना नसतो. त्याने 40 रन देऊन पाच विकेट काढल्या आणि आपले फलंदाज शंभरात आटोपले, तर त्याला कोणी वाईट बॉलर म्हणत नाही.

आता दोन संघ बघा. त्या मोसमात 162 सामन्यांत यांकीजनी 859 रन काढल्या, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. मरिनर्सनी काढल्या 513. सबाथियाला सामन्याला पाचच्या वर रन करणारा संघ मिळाला, फेलिक्सला जेमतेम तीनवाला. मरिनर्स 101 सामने हरले.

एक सामना माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. 23 सप्टेंबर, टोरोंटो. पहिल्याच इनिंगमध्ये होसे बाउटिस्टाने फेलिक्सला होम रन मारला, त्याचा मोसमातला पन्नासावा. त्यानंतर फेलिक्सने काहीच दिलं नाही. आठ इनिंग, एकूण दोन हिट (बॅटर चेंडू मारून बेसवर पोहोचला की हिट), एक रन. आणि सामना गेला 1-0 ने. त्याच सामन्यात मरिनर्सच्याच इचिरोने सलग दहाव्या मोसमात 200 हिट पूर्ण केल्या, पण धावफलकावर मरिनर्सचं शून्य ते शून्यच. फेलिक्सच्या 12 पराभवांतला एक हा असा आहे.

खरी तुलना माझ्या मते सबाथियाशी नाहीच, टॅम्पा बेच्या डेव्हिड प्राइसशी आहे. प्राइस 19-6, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रन, म्हणजे फील्डरच्या चुकांशिवाय झालेल्या रन; जितका कमी तितका चांगला) 2.72. फेलिक्सचा ईआरए 2.27, सबाथियाचा 3.18. पण ईआरएपेक्षा मला एक साधी गोष्ट जास्त पटते: प्राइस आणि फेलिक्स दोघांनी बरोबर 63 अर्न्ड रन दिल्या. प्राइसने त्या 208⅔ इनिंगमध्ये दिल्या, फेलिक्सने 249⅔ मध्ये. म्हणजे प्राइसएवढंच नुकसान करून फेलिक्सने आणखी 41 इनिंग टाकल्या. चार-साडेचार पूर्ण सामने झाले की हे! स्ट्राइकआउटही (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) फेलिक्सचे 232, प्राइसचे 188, सबाथियाचे 197.

यावर कोणी म्हणेल, फेलिक्सच्या बऱ्याच रन ‘अनअर्न्ड’ होत्या, म्हणजे फील्डरच्या चुकांच्या खाती गेल्या. हा मुद्दा रास्त आहे, अशा रन 17 होत्या. त्या धरल्या तरी नऊ इनिंगमागे फेलिक्स 2.88, प्राइस 3.06, सबाथिया 3.48.

सबाथियाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मैदानाचा. सियाटलचं सेफको फील्ड पिचरला साथ द्यायचं, यांकी स्टेडियम बॅटरला. हे खरं आहे आणि दुर्लक्ष करू नये. पण मैदानाचा हिशेब करून काढलेल्या ईआरएतही फेलिक्स पुढेच राहतो.

‘मोठ्या संघासाठी, दडपणाखाली खेळणं वेगळं असतं’ हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. त्याच वर्षी फेलिक्स त्याच यांकीजविरुद्ध तीनदा उतरला, त्यांतले दोन सामने न्यूयॉर्कमध्ये. तिन्ही जिंकला, 26 इनिंगमध्ये दिली एक रन. सगळ्यात जास्त रन काढणाऱ्या संघाविरुद्ध! याहून मोठं दडपण कुठलं आणायचं?

28 मतदारांपैकी 21 जणांनी फेलिक्सला पहिलं स्थान दिलं, चौघांनी प्राइसला, तिघांनी सबाथियाला. गुणांतही फेलिक्स, प्राइस, सबाथिया हाच क्रम लागला. माझ्याकडे मत असतं तर मीही हाच क्रम लिहिला असता. आणि कमी विनवर साय यंग मिळाल्याचं हे एकच उदाहरण नाही: 2018 मध्ये मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमने 10-9 रेकॉर्ड आणि 1.70 ईआरएवर नॅशनल लीगचा साय यंग घेतला, तेव्हा 30 पैकी 29 जणांनी त्याला पहिलं मत दिलं होतं.