ताप नाही, मग सहा महिने अँटिबायोटिक कशाला?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला होता. आता रोज सकाळी तासभर खोकला आणि वाटीभर पिवळट बेडका. यंदा पावसाळ्यात दोनदा भरती करावं लागलं. सीटी स्कॅनमध्ये ब्राँकायक्टेसिस निघालं. डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी सहा महिने घ्यायला सांगितली आहे. आमचे मेडिकलवाले म्हणतात, ही गोळी तीन दिवसांची, एवढी घेऊ नका. ताप तर नाहीच. बंद करू का?
– एक सूनबाई, कोरेगाव

उत्तर : ताई, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मेडिकलवाल्यांचं म्हणणं घसादुखीच्या किंवा तापाच्या रुग्णासाठी बरोबर आहे. सासूबाईंना ही गोळी वेगळ्या कामासाठी दिली आहे.

टीबी बरा झाला, पण जाताना श्वासनळ्या ढिल्या करून गेला. या ढिल्या, रुंदावलेल्या नळ्या म्हणजेच ब्राँकायक्टेसिस. आपल्या देशात त्याचं टीबी हेच सगळ्यात मोठं कारण आहे. ढिल्या नळीत कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. बेडक्याचा तो पिवळा-हिरवा रंग बराचसा या पेशींचाच असतो. त्या जे पाचकरस सोडतात, त्यांनी जंतूंबरोबर नळीचं अस्तरही सोलवटतं. सोलवटलेलं अस्तर आणखी कफ करतं आणि पेशींना आणखी सांगावे धाडतं. ताप नसला तरी आत हे चालूच राहतं.

अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या गटातली औषधं, म्हणजे मॅक्रोलाइड्स, नेमकं इथं काम करतात. पांढऱ्या पेशींना बोलावणारा इंटरल्यूकिन-८ नावाचा निरोप कमी होतो. कफाला चिकटपणा देणारं म्यूसिन कमी तयार होतं. सूज उतरते, बेडका कमी आणि पातळ होतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींमध्ये शिरून बरेच दिवस टिकतं, म्हणून आठवड्याला तीन गोळ्या पुरतात.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं जपानमध्ये. तिथे डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस नावाचा आजार आहे. कफानं छाती भरलेली आणि १९७० च्या दशकात पाच वर्षांनंतर जेमतेम ६३ टक्के रुग्ण हयात असायचे. डॉ. शोजी कुदो यांनी कमी डोसचं एरिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने दिलं. हा उपचार रुळल्यावर, १९८५ नंतर, तोच आकडा ९१ टक्क्यांवर गेला. आणि या रुग्णांच्या कफात असायचा स्यूडोमोनस नावाचा जंतू, जो एवढ्याशा एरिथ्रोमायसिननं मरतच नाही! जंतू तिथेच, माणूस मात्र सुधारलेला. मला आजही हे वाचताना भरून येतं.

सासूबाईंना दिलाय तोच डोस, तेवढेच सहा महिने, न्यूझीलंडमध्ये ब्राँकायक्टेसिसच्या रुग्णांना देऊन पाहिला. २०१२ साली निष्कर्ष आले : खोकला-कफ उसळून औषधं वाढवावी लागण्याची वेळ गोळीविना सरासरी दीडदा, गोळीवर ०.६ वेळा. फुंकणीच्या चाचणीत मात्र फारसा फरक पडला नाही. नळ्या पूर्ववत होतील अशी आशा ठेवू नका.

आता काळजीचं. गोळी सुरू करण्याआधी थुंकीत टीबीच्या आणि टीबीच्या भाऊबंद जंतूंची तपासणी झाली होती का, विचारा. हे भाऊबंद असताना एकटी ही गोळी दिली तर ते तिला दाद देईनासे होतात आणि पुढे इलाज फार अवघड जातो. ईसीजी हवाच; काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाच्या, मनाच्या, कसल्याही गोळ्या चालू असतील तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. टीव्हीचा आवाज वाढवायला लागल्या, कानात गुंई आवाज येतो म्हणाल्या, तर लगेच कळवा. जुलाब झाले तरी सांगा.

गोळी चालू आहे म्हणून कफ काढण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत. माझ्या ओपीडीत हेच सगळ्यात आधी सुटतं, आणि मग औषधाला नावं ठेवली जातात. सकाळी चहाआधी, फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे, एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. बेडका काचेच्या जुन्या ग्लासात धरा आणि पातळी कुठवर येते ते आठवड्यातून एकदा वहीत टिपा. सहा महिन्यांनी गोळी पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला ती वही तुमच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.

आणि पट्टीतली एकही गोळी नातवंडांच्या सर्दीला द्यायची नाही.