दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही ऐरोलीला राहतो. माझे बाबा 58 वर्षांचे आहेत, रबाळे एमआयडीसीत नोकरी करतात. दीड महिना झाला, मानेला डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली सुपारीएवढी गाठ आलीय. दुखत अजिबात नाही, ताप पण नाही, म्हणून ते म्हणतात अवधाण असेल, जाईल आपोआप. शेजारच्या काकू लेप लावा म्हणतात. तंबाखू आहे त्यांना, बरीच वर्षं. सुई लावली की गाठ बिघडते असंही कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. काय करू?

उत्तर : ताई, लेप नको, शेक नको आणि चोळायची तर अजिबात नाही, बाबांना याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. दुखत नाही म्हणून तुम्ही सगळे निर्धास्त आहात पण मानेचा हिशोब उलटा असतो, घसा धरला किंवा दाढ किडली की येणारी गाठ दुखते आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उतरते, जी दुखत नाही, हाताला कडक लागते आणि महिना उलटला तरी तिथंच असते तिचीच मला जास्त काळजी वाटते. ठाण्याच्या ओपीडीत असे पेशंट येतात ना, तर चार-चार महिने लेप लावून येतात, वरची कातडी काळी पडून सोलवटलेली असते आणि गाठ खाली वाढतच गेलेली असते, फार वाईट वाटतं बघून.

मानेत लहान-मोठ्या साधारण 300 लसिका गाठी (लिम्फ नोड, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव गाळणाऱ्या गाठी) असतात, तोंड, घसा, नाक, डोक्याची कातडी या सगळ्यांचा निचरा त्यांच्यातून होतो आणि प्रत्येक गाठीचा एरिया ठरलेला आहे, त्यामुळे गाठ कुठे आली यावरून मूळ दुखणं कुठे शोधायचं ते कळतं. जबड्याखाली आली की आम्ही आधी तोंडात बघतो, जिभेची कड, गालाची आतली बाजू, तंबाखू ठेवतात ती जागा. डाव्या कॉलर बोनच्या वर आली तर पोटाची तपासणी करतो, कारण पोटाकडून तो द्रव आणणारी मोठी लसवाहिनी तिथंच रक्तात मिळते, फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे 1848 मध्येच लिहून ठेवलंय.

डॉक्टरकडे जाईपर्यंत एवढं बघा. बाबांना खिडकीजवळ उजेडात बसवा आणि पाण्याचा घोट घ्यायला सांगा. घोटाबरोबर वर सरकते ती गाठ सहसा थायरॉइडची, कारण थायरॉइड ग्रंथी स्वरयंत्राला बांधलेली असते. बाबांची जागा वेगळी आहे, ती बहुतेक सरकणार नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघा, न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आणि त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का ते. फक्त चाचपताना मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या तिथून जातात, नाडी मंदावून चक्कर येऊ शकते.

सुईचं म्हणाल तर एफएनएसी म्हणजे बारीक सुईनं थोड्या पेशी काढणं, काही मिनिटांचं काम, त्यानं गाठ बिघडत नाही. घाई करू नये ती गाठ कापून काढायची, कारण तोंड-घसा न तपासता नुसती गाठ काढली आणि ती कॅन्सरची निघाली तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. कॅन्सरच असेल असंही नाही, गंडमाळ म्हणजे गाठींचा टीबी आपल्याकडे भरपूर दिसतो, छातीचा एक्स-रे साफ असताना पण, आणि तो साधारण 6 महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. आणि कॅन्सर निघाला तर खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर आहे, ऐरोलीहून पनवेल लोकल थेट जाते. तंबाखू मात्र रिपोर्टची वाट न बघता आजच बंद.

प्रश्न : वय 34, राहणार कोपरखैरणे. दाढी झाली की आमचा सलूनवाला हनुवटी धरून मान दोन्हीकडे कडकन मोडतो, एकदम हलकं वाटतं. मित्र म्हणतो धोका आहे. खरं का?

उत्तर : मित्राचं ऐका. मानेत 7 मणके, त्यांना दोन्ही बाजूंना भोकं, आणि सहाव्यापासून पहिल्यापर्यंत त्या भोकांतून एक धमनी वर जाते, मण्यांतून दोरा ओवावा तशी, मग पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते. मान झटक्यानं पिळली की तिला ओढ बसते, आतलं अस्तर फाटलं तर रक्ताची गुठळी होते आणि ती वर सरकली की स्ट्रोक. होतं क्वचितच, पण तरुण माणसालाही होतं. तो कडकन आवाज सांध्यातल्या गॅसचा, त्यानं काही जागेवर बसत नाही. मान मोडून घेतल्यावर त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत मानेत एका बाजूला कधी नव्हे असं दुखलं, गरगरलं, चालताना तोल गेला, बोबडं बोलायला झालं किंवा एकाचे दोन दिसले तर बाम लावून झोपू नका, सीटी स्कॅन रात्री पण चालू असतो अशा हॉस्पिटलात लगेच जा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसतानाच सांगा, मालिश कर, मान मोडू नको.